तीरविवाहाग्रही काका

रुसलेला जावई, करवली आणि पंगतीत जिलबीचा आग्रह करणारे मामा यांच्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले असले, तरी ‘तीरविवाहाग्रही काका’ हा प्रकार उपेक्षितच राहिला आहे. तीरविवाह म्हणजे मंगल कार्यालय टाळून नदीच्या काठी, उघड्यावर लावलेले लग्न; आणि त्यात लग्नापेक्षा तीरच ज्यांना अधिक महत्त्वाचा वाटतो, ते वधूचे किंवा वराचे वडीलधारे आप्त म्हणजे हे काका होत.

या प्रकाराचा उत्तम नमुना वाई परिसरात आढळतो. असे काका पुण्यात राहतात, निवृत्त असतात, आणि मूळ गाव कृष्णाकाठी असल्यामुळे पुतणीचे लग्न मेणवलीच्या आसपासच व्हावे, असा त्यांचा हट्ट असतो. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागचा दगडी घाट, चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसईविजयानंतर तिकडून आलेली पोर्तुगिजांची घंटा आणि २००४ मधील ‘स्वदेस’ चित्रपटाचे तेथील चित्रीकरण, असा सारा इतिहास ते मांडववाल्याला उभ्या उभ्या ऐकवतात, मांडववालाही तो शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी “काका, जनरेटर कुठं ठेवायचा?” एवढेच विचारतो.

काकांचा पहिला संघर्ष पंचांगाशी होतो. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात रूढीनुसार लग्ने लागत नाहीत. त्यामुळे नदी दुथडी भरलेली असते तेव्हा मुहूर्त नसतो, आणि मुहूर्त असतात तेव्हा पाणी पात्राच्या मध्यावर जाऊन बसलेले असते. वरच्या अंगाला धोमचे धरण असल्याने उन्हाळ्यात पात्रात पाणी किती राहील, हे बरेचसे तेथून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते, ही गोष्ट काकांना ठाऊक असते. म्हणून ते पाटबंधारे खात्यात जाऊन आवर्तनाची, म्हणजे ठरावीक काळासाठी सोडल्या जाणाऱ्या पाण्याची, तारीख मुहूर्ताशी जुळवून मागतात. “पीक कोणतं?” असे तेथील कर्मचारी सवयीने विचारतो, आणि “लग्न” असे उत्तर काका तितक्याच गांभीर्याने देतात.

प्रत्यक्ष विधीच्या वेळी काकांचे लक्ष वधूवरांकडे नसतेच. गुरुजी पूर्व शोधत असतात, छायाचित्रकाराला मावळतीचा उजेड हवा असतो, आणि पाहुण्यांच्या खुर्च्या अशा मांडल्या जाव्यात की प्रत्येकाला नदी दिसेल, यासाठी काका घाटाच्या पायऱ्या चढत-उतरत असतात. अंतरपाट, म्हणजे मंगलाष्टके संपेपर्यंत वधूवरांमध्ये धरलेले वस्त्र, वाऱ्याने शिडासारखे फुगते आणि वधूवर मुहूर्तापूर्वीच एकमेकांना पाहून घेतात. नद्यांची नावे गुंफलेले मंगलाष्टक सुरू झाले की काका कान टवकारतात, कारण गंगा, सिंधू, नर्मदा, कावेरी येऊन जातात, पण त्याच्या प्रचलित पाठात कृष्णा येत नाही. नदीच्या साक्षीने नदीचाच असा अपमान होऊ नये, म्हणून ते गुरुजींच्या कानाशी लागतात. गुरुजी मात्र “काका, वृत्तात बसत नाही” असे म्हणून पुढच्या चरणाकडे वळतात. (शार्दूलविक्रीडिताच्या १९ अक्षरी चरणात एका नदीसाठी दुसरी हलवावी लागते, आणि तेवढा अधिकार पाटबंधारे खात्यालाही नाही.) गोरज मुहूर्त, म्हणजे गुरे घरी परतण्याची सांजवेळ, काकांनी शोभेसाठी निवडलेला असतो, पण डासांचीही वेळ तीच असल्याने अक्षता टाकणारे हात मधूनमधून स्वतःच्याच मानेवर पडतात.

तरीही काकांना केवळ हौशी ठरवणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड झोपेत असताना घाटावर विखुरलेल्या पाण्याच्या बाटल्या, पत्रावळी आणि हारांचे दोरे पोत्यात भरताना सापडतो तो हाच माणूस, आणि नदीबद्दलचे त्याचे प्रेम खरे आहे याचा याहून सबळ पुरावा मिळणे कठीण. आल्बमात मात्र हे दृश्य कधीच येत नाही. त्यात सगळे जण नदीकडे पाठ करून हसत उभे असतात.

काकांच्या स्वतःच्या मुलीचे लग्न पुण्यातील वातानुकूलित कार्यालयात होते, कारण तो निर्णय काकूंचा असतो.