उत्कृष्ट स्वयंसेवक कसा निवडावा: नव्या कार्यक्रम अधिकाऱ्यासाठी प्राथमिक धडे

कॉलेजात तुम्ही सगळ्यांत नवे आणि 'नाही' म्हणायची अजून सवय झालेली नाही, म्हणून प्राचार्यांनी तुम्हाला राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी केले आहे. अभिनंदन. यापुढे तुम्ही 'एनएसएसचे सर' किंवा 'एनएसएसच्या मॅडम'. तुमचा मूळ विषय कोणता, हे दिवाळीपर्यंत कुणाच्या लक्षातही राहणार नाही. शंभर मुलांचे युनिट तुमच्या गळ्यात पडले आहे. प्रत्येकाने वर्षाला १२० तास काम करायचे आणि वर्षअखेरीस त्यातल्या एकाला तुम्ही शाल घालायची. काम करून घेणे त्या मानाने सोपे आहे.

भाषणापुरता इतिहास पाठ असू द्यावा. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू केली. बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चाक आहे. ते घड्याळ नव्हे, हे राजकारणातल्या पाहुण्यांना गाडीतून उतरतानाच सांगावे. मात्र त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, हे सांगू नये. पुन्हा घड्याळ निघते. योजनेचे ब्रीद 'नॉट मी, बट यू'. आता ज्यांना वर्षभर 'मी नव्हे, तुम्ही' शिकवले, त्यांच्यातल्या एकाला व्यासपीठावर बोलावून 'तूच रे तूच' म्हणायचे, हा तुमचा पहिला पेच. केंद्र सरकारने १९९३-९४ पासून यासाठी राष्ट्रीय पुरस्कारच ठेवल्यामुळे त्यावर फार विचार करू नये.

निवड खरी होते ती सात दिवसांच्या हिवाळी शिबिरात. मुळशी, भोर, पुरंदर, कुठले तरी दत्तक गाव असते आणि गावाबाहेर एक ओढा. मोहन धारियांच्या 'वनराई'ने रूढ केलेला बंधारा तिथे घालायचा. सिमेंटची रिकामी पोती घ्यायची, वाळू-माती भरायची, तोंड सुतळीने शिवायचे आणि विटांसारखी सांधेमोड करत पात्रात आडवी रचायची. पहिल्या तासाला सगळेच उत्साही असतात. तिसऱ्या तासाला नीट बघावे. एक जण काठावर मोबाइल घेऊन 'सर, इकडे बघा' म्हणतो आहे. दुसरा ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा राहून पोते छातीशी धरून पुढे सरकवतो आहे; त्याचे हात चिखलाने भरलेत, त्यामुळे मोबाइलला हात लावायची सोय नाही. एक मुलगी तिथे दिसतच नाही, कारण ती पहाटे चारपासून भोजन समितीत कांदे चिरते आहे. कांदे चिरणाऱ्याचा फोटो 'श्रमदान' या सदरात बसत नाही. मार्चमध्ये फाइल कुणाची जाड होते, हे वेगळे सांगायला नको.

कोण खरे काम करतो हे समजून घ्यायचेच असेल, तर पाचव्या दिवशी शाळेच्या पडवीत बसलेल्या एखाद्या आजींना विचारावे. त्यांना नाव माहीत नसते. 'त्यो न्हाई का, निळ्या बनेनवाला, हंडा उचलून दिला त्यानं,' एवढे त्या सांगतील. माझ्या मते निवड तिथेच संपली. पण आजींचे मत निवड समितीला चालत नाही. सरपंचांचे पत्र चालते, गोल शिक्क्यासह. तेव्हा निळ्या बनियनचा फोटो काढून ठेवावा, तोही जिओटॅगसकट, आणि त्याला आधी हात धुवायला लावू नये.

पुरस्काराचा प्रस्ताव लिहिण्याचा सराव हवा असेल, तर पुण्यातलाच एक नमुना भरून पाहावा.

उमेदवाराचे नाव: सावित्रीबाई फुले. कार्यारंभ: १८४८, मुलींची शाळा, भिडेवाडा. समाजाचा प्रतिसाद: शाळेत जाताना अंगावर शेण आणि चिखल, इथे 'संमिश्र' लिहावे. यापूर्वीचे सन्मान: १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे समारंभ झाला, मेजर कँडी हजर होते, पण शाल पडली ती जोतीरावांच्या खांद्यावर; पती-पत्नींचे संयुक्त कार्य असल्यास स्वतंत्र पुरावा जोडावा. अलीकडील उपक्रम: १८९७ची प्लेगची साथ, मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन स्वतःच्या मुलाच्या, म्हणजे डॉ. यशवंत यांच्या, दवाखान्यापर्यंत पायी. लाभार्थींची संख्या: एक. ही संख्या फार कमी आहे, किमान पन्नास तरी दाखवावी. जिओटॅग फोटो: नाही. मुलाखत: उमेदवार अनुपस्थित, १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच निधन.

असा प्रस्ताव 'कागदपत्रे अपूर्ण' या शेऱ्यासह परत येतो. शेरा विद्यापीठाच्या ज्या लेटरहेडवर येईल त्यावर २०१४ पासून सावित्रीबाईंचेच नाव आहे, आणि राज्याच्या शिक्षक गुणगौरव पुरस्कारावरही.

शिक्षकांच्या पुरस्काराचे म्हणाल, तर तिथे आणखी एक कसब लागते. शालेय शिक्षकांचा राष्ट्रीय पुरस्कार १९५८ पासून आहे. पूर्वी दुसरे कुणी शिफारस करायचे आणि आपण 'अहो, कशाला!' म्हणायचे. २०१८ पासून शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज करायचा असतो. म्हणजे शिफारसही आपली आणि 'अहो, कशाला'ही आपलेच. लाजऱ्या माणसाने अर्ज रात्री भरावा.

समारंभाबद्दल थोडक्यात. शाली लक्ष्मी रस्त्यावरून घाऊक घ्याव्यात, म्हणजे पाहुण्यांची आणि विद्यार्थ्यांची एकच निघते आणि कुणाची भारी हा प्रश्न मिटतो. विद्यार्थ्याला शाल शोभत नाही असे काही प्राध्यापक म्हणतात. वसतिगृहातल्या मुलाला ती जानेवारीत पांघरायला होते, तेव्हा काचेच्या स्मृतिचिन्हापेक्षा शालच बरी. नारळ दिल्यास भोजन समितीतली मुलगी व्यासपीठावरच विचारते, 'सर, याची चटणी करायची का?' पगडीच्या वाटेला जाऊ नये. पुणेरी की फुले, यावर २०१८ पासून या शहरात इतके बोलून झाले आहे की तुमचा कार्यक्रम त्यातच संपेल.

पाहुणे उशिरा येतात. तोवर पहिल्या रांगेतल्या सत्कारमूर्तींना उठवून मागे बसवावे लागते, कारण पुढच्या खुर्च्या विश्वस्तांच्या. तशा त्या खुर्च्या सकाळी त्याच मुलांनी गोदामातून आणून मांडलेल्या असतात आणि रात्री तीच परत लावणार असतात, एकाच्या हातात स्मृतिचिन्ह असले तरी. हे दोन तास कार्यदैनंदिनीत लिहून घ्यावेत. फेब्रुवारी उजाडला की कुणा ना कुणाचे १२० ला तेवढेच कमी पडत असतात.