चुन्याच्या रेषा

बिल्डरांना संघटना कशाला लागते? एकट्याने मागितली तर ती सवलत. सगळ्यांनी मिळून मागितली की ते धोरण.

बिल्डरांची संघटना क्रेडाई १९९९ सालची. निवेदन कधीही मागा, तयार. त्यात सामान्य माणसाच्या घराचा कळवळा असतोच. जानेवारी २०२१ मध्ये कोरोनाचं निमित्त झालं आणि राज्य सरकारने बांधकामावरचे प्रीमियम निम्मे केले. अट एक होती, ग्राहकाचं मुद्रांक शुल्क बिल्डरने भरायचं.

एवढा कळवळा होता, तर अट कशाला लागली?

२०१९ मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने ठरवलं, प्रकल्प नोंदवायचा तर बिल्डरने आधी मान्यताप्राप्त स्वयंनियामक संस्थेचं, म्हणजे अशाच एखाद्या संघटनेचं सदस्य व्हायचं. म्हणजे बिल्डरवर नजर ठेवणार कोण?

बिल्डर.

असू द्या. नजर तरी आहे.

आता हदगावला या. नागपूरच्या रस्त्याला लागून परवापर्यंत हळदीचं वावर होतं. आज खुंट्या, चुन्याच्या रेषा आणि कमान. कमानीवर देवाचं नाव, पुढे 'नगरी'. नकाशात बाग आहे, जाग्यावर बाभळी. इसार पाचशेच्या बॉण्डवर. एनए, म्हणजे बिगरशेती झालंय का, विचारा. "फाईल टाकलीय, साहेब."

रेरा कायदा म्हणजे पुण्या-मुंबईच्या टॉवरचं लफडं, असं आपल्याकडे वाटतं. नगर परिषदेच्या हद्दीतलं ५०० चौरस मीटरच्या वरचं प्लॉटिंगही त्यातच येतं. नोंदणीआधी जाहिरात करायची नाही. करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर पैसे घ्यायचे नाहीत. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा.

कमानीवर कोड कुठाय? तिथे भाऊंचा फोटो आहे.

नोंदणी करणाऱ्याच्या मागे संघटना, आचारसंहिता, महारेराचा सलोखा मंच. मंचात २०१८ पासून ग्राहकांचा आणि बिल्डरांचा प्रतिनिधी शेजारी बसून भांडणं मिटवतात, हे मान्य करायलाच हवं. नोंदणी न करणाऱ्याच्या मागे यातलं काहीच नाही. तो मोकळा. संघटना त्याच्याविषयी बोलत नाही, कारण तो सदस्य नाही. सदस्याविषयीही फारसं बोलत नाही.

कारण तो सदस्य आहे.

आणि प्लॉट घेणारा? पीएफ काढलेले गुरुजी, दोन एकर विकलेला शेतकरी. यांची संघटना नाही, निवेदन नाही. आहे ती इसारपावती.

तेव्हा गुरुजी, पैसे मोजण्याआधी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक शोधा. फुकट आहे, मोबाईलवर होतं. क्रमांक सापडला नाही तर इसार खिशातच राहू द्या, मग प्लॉटवाला पाहुण्यातला का असेना.