खानदानी नाना

नानांना त्यांच्या स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारा, ते छताकडे बघत बसतील. सुलतानच्या पणजोबांचं विचारा. नाव, रंग, जन्मसाल, कुठल्या शोमध्ये कितवा आला, सगळं एका दमात. नाना जर्मन शेफर्डचे ब्रीडर. जुने शेजारी अजून 'अल्सेशियनवाले' म्हणतात, ते नाना मनाला लावून घेतात. १८९९ साली श्टेफानिट्झ यांनी होरांड नावाचा कुत्रा विकत घेतला आणि या जातीची नोंदवही उघडली, हा इतिहास गॅस सिलिंडर द्यायला आलेल्यालाही उभ्या उभ्या ऐकावा लागतो.

पिल्लू बघायला येणाऱ्याला भाव शेवटी कळतो. आधी भिंतीवरची लॅमिनेट केलेली केसीआय सर्टिफिकेटं, मग 'हेवी बोन, चॅम्पियन लाइन, बाप इम्पोर्ट'. एकदा एका मुलीने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "काका, आईबापांची डीएम टेस्ट केलीय?"

"डीएम माझा मुलगा बघतो. इन्स्टाग्रामवर."

मुलीने समजावलं. डीएम म्हणजे डीजनरेटिव्ह मायलोपॅथी. यात मज्जारज्जू हळूहळू निकामी होतो. बहुतेक कुत्री आठेक वर्षांची होईपर्यंत ठणठणीत असतात. मग मागचा पाय घासत चालू लागतो, नखं झिजतात, कंबर डुलते, शेवटी पायच जातात. दुखत नाही, पण इलाजही नाही. १९७३ साली हा आजार पहिल्यांदा वर्णिला गेला तो शेफर्डमध्येच. २००९ साली त्यामागचा एसओडी-१ जनुकातला दोष सापडला.

"आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही," नाना म्हणाले.

"मग राणी दहाव्या वर्षी का बसली?" आतून काकूंचा आवाज.

"वय झालं होतं."

"आणि तिची आई?"

"जिन्यावरून घसरली."

"मामा?"

"फरशी गुळगुळीत होती!"

सात पिढ्यांची बक्षिसं तोंडपाठ असलेल्या माणसाला एकाही पिढीचा शेवट आठवत नव्हता.

मुलाने परस्पर सुलतानच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना लॅबला पाठवला. रिपोर्ट आला : कॅरिअर. नाना त्या रात्री जेवले नाहीत, सुलतान दोघांचं जेवला. नानांनी आधी लॅबला नावं ठेवली, मग कुरिअरवाल्यावर संशय घेतला, शेवटी 'याला आता लाइनमधून बादच करतो' म्हणत डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी त्यांना शांत केलं. धोका असतो तो जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तर. तेव्हाही प्रत्येक कुत्रा आजारी पडतोच असं नाही. सुलतानची एकच प्रत सदोष आहे. त्याचं मेटिंग 'क्लिअर', म्हणजे दोन्ही प्रती निर्दोष असलेल्या मादीशी केलं, तर साधारण निम्मी पिल्लं कॅरिअर निघतील, पण दोन्ही प्रती सदोष असलेलं एकही नाही. कॅरिअरशीच केलं, तर प्रत्येक पिल्लामागे चारात एक शक्यता. कुत्रा बाद करायचा नाही, मादी बघून निवडायची.

निवड म्हटल्यावर नाना सावरले. आजवर कान आणि पाठीचा उतार बघणारे नाना आता दारातच "आधी रिपोर्ट!" म्हणतात. पुतण्याच्या लग्नाच्या बैठकीतही त्यांनी मुलीकडच्यांना विचारलं, "आपल्याकडे थॅलेसेमियाची तपासणी झालीय ना?" काकूंनी त्यांना दंडाला धरून आत नेलं. वास्तविक त्या बैठकीतला तेवढा एकच प्रश्न कामाचा होता.

मात्र स्वभाव कुठे जातो? क्लिअर माद्यांचे रिपोर्ट भिंतीवर लॅमिनेट होऊन लागलेत आणि सुलतानचा टेबलाच्या खालच्या खणात, वीजबिलांखाली आहे. म्हणून पिल्लू घ्यायला जाल, तेव्हा भिंत बघून भुलू नका. खण उघडायला लावा, आई आणि बाप दोघांचेही रिपोर्ट मागा. दोघांपैकी एक जरी क्लिअर असला, तरी पिल्लाला या आजाराची धास्ती नाही.