पाऊण घोड्याचा नाद

आण्णांच्या मते कारखान्यातून बाहेर पडलेली प्रत्येक वस्तू अर्धवट असते. पंखा, मिक्सर, पोराची बारावीची टक्केवारी, सगळ्यात कुठंतरी ‘जागा हाय’ असं त्यांना सतत वाटत असतं, आणि ती जागा त्यांना सहन होत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात उभी हयात लेथवर गेलेली. त्यामुळं हा संशय नुसता मनात राहिला नाही, त्याच्या हातात हत्यार आलं.

सध्या संशय त्यांच्या १९९६च्या मारुती ८००वर आहे. सिलिंडर तीन, बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२, एकूण ७९६ सीसी. हे आकडे घरातल्या वाढदिवसांपेक्षा पाठ. ताकद म्हणाल तर चाळीस घोड्यांच्या आतच. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना चहाच्या आधी त्यांनी कॉम्प्रेशन रेशो समजावून सांगितला होता. पिस्टन खाली असताना जी जागा असते, ती पिस्टन वर आल्यावर उरलेल्या जागेच्या किती पट, तो रेशो. मिश्रण जेवढं जास्त दाबाल, तेवढं त्याच पेट्रोलातून जास्त काम निघतं. पाहुण्यांनी मान डोलावली. मुलगी पसंत पडली, पण त्यात आण्णांचा वाटा नव्हता.

हेड उतरवलं तो रविवार मी पाहिला आहे. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर हेड उलटं ठेवलेलं. चेंबरच्या कडेला ग्रीसचा हात फिरवून त्यावर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची काच बसवली. मग जनावरांच्या डॉक्टरकडनं आणलेल्या सिरिंजनं त्या भोकातनं रॉकेल सोडायला सुरुवात. नीट दिसावं म्हणून त्यात थोडं लाल ऑईल. काचेखाली एक बुडबुडा अडकला तर आण्णा श्वास रोखून हेड इकडं कलवणार, तिकडं कलवणार. बुडबुडा राहिला की आकडा खोटा. रॉकेल हळदीकुंकवाच्या वाटीत ओतलेलं होतं, हे वहिनींनी पाहिलं तेव्हा मोजणी तिसऱ्या चेंबरवर आली होती.

“अहो, ही वाटी...”

“थांब! चौतीस पॉइंट तीन... चार... पाच. आता बोल.”

तीन चेंबरचे तीन आकडे निघाले. मग जिथं कमी भरलं तिथं घासून ते तिन्ही सारखे करणं आलं. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. शेवटी प्रत्येकी साडेचौतीस सीसी, म्हणजे रेशो ८.७. आण्णांना हा आकडा वैयक्तिक अपमानासारखा लागला. हेड ग्राइंडिंगवाल्याकडं गेलं आणि चाळीस थाऊ, म्हणजे एक मिलिमीटर, खाऊन परत आलं. चेंबर साडेएकतीस, रेशो ९.४. गल्लीत पेढे वाटले नाहीत एवढंच.

इंजिनिअरिंगला असलेल्या त्यांच्या भाच्यानं कागदावर सूत्र मांडलं. ८.७वरनं ९.४वर गेल्यानं कागदावरच वाढ होते ती दोन टक्क्यांच्या आसपास. “मामा, सगळं मिळून पाऊण घोडा.”

“मग? पाऊण घोडा म्हंजे घोडाच की. एक पाय कमी.”

हेड खाली आलं की वरचा कॅमशाफ्टही खाली येतो. पट्टा पुन्हा ताणून बसवावा लागतो आणि व्हॉल्व्ह थोडे उशिरा उघडतात. असे हिशेब आण्णांना त्रास वाटत नाहीत, फराळ वाटतो. पहिल्या महायुद्धानंतर हॅरी रिकार्डो या इंग्रज इंजिनिअरनं चालू असतानाच रेशो बदलता येईल असं इंजिन बांधलं होतं. कुठलं पेट्रोल किती दाबाला ठोकतं हे त्याला तपासायचं होतं. हे आण्णांना कळलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आणि आमाला दर खेपेला हेड उतरवाय लागतंय.”

चाचणी जोतिबाच्या चढावर. काचा खाली, पंखा बंद, टेप बंद, बोलणं बंद. चढावर मुद्दाम चौथ्या गिअरमध्ये गाडी रेटायची आणि कान लावायचे. दाब जास्त झाला की ठिणगीनं पेटलेली ज्वाळा पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपसूक पेटतं आणि इंजिन पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसं वाजतं. मागं बसलेल्या आण्णांच्या सासूबाईंनी देऊळ दिसताच हात जोडून “चांगभलं!” म्हटलं आणि आण्णांनी करकचून ब्रेक मारला.

“मामी, ठोकलं का न्हाई ते ऐकू आलं न्हाई!”

ठोकलं होतं. आण्णांनी डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग मागं घेतलं. ठोकणं थांबलं, पण पाऊण घोडाही गेला. त्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या उसावर भिस्त ठेवली. इथेनॉलचं ऑक्टेन चढं, आणि आता पेट्रोलात ते वीस टक्के, म्हणजे दाब सोसेल. तर्क चुकीचा नव्हता. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांशच उष्णता. जुन्या कार्बोरेटरला हे मिश्रण पातळ पडलं, गाडी सकाळी रुसायला लागली आणि रबराचे पाइप फुगले.

गंमत म्हणजे आण्णा चाळीसच्या वर गाडी कधी नेत नाहीत. उसाच्या ट्रॉलीमागनं ते तीन-तीन किलोमीटर निवांत जातात. ओव्हरटेक करा म्हटलं तर म्हणतात, “करता येतंय की. हाय ताकद.” बँकेत पैसे असलेला माणूस हॉटेलात बिनधास्त नुसता चहा मागवतो, त्या जातीचं हे समाधान आहे.

शेवटी उद्यमनगरातनं ०.८ मिलिमीटर जाडीचं तांब्याचं पान कापून आणलं, तापवून मऊ केलं आणि गॅस्केटबरोबर हेडखाली घातलं. ठोकणं गेलं. पुन्हा हिशेब. रेशो ८.७.

वहिनींनी विचारलं, “म्हणजे होती तशीच झाली का?”

“होती तशी कशी? ती कंपनीची आठ पॉइंट सात होती. ही आपली हाय.”