एक सेस्ना आणि अख्खी राजधानी
११ मे २००५ रोजी सेस्ना १५० हे दोन आसनांचं चिमुकलं विमान वॉशिंग्टनच्या प्रतिबंधित हवाई क्षेत्रात घुसलं आणि व्हाइट हाउस, कॅपिटॉल धावतपळत रिकामी करावी लागली. एफ-१६ विमानांनी पेटते फ्लेअर सोडले, तेव्हा कुठे स्वारी वळली. खासगी वैमानिकांचं गाऱ्हाणं असं की, नियमच किचकट. असतील, पण उड्डाणाचा आराखडा नोंदवा, दिलेला चार आकडी कोड ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर) लावा, नियंत्रकाशी बोलत राहा, यात न कळण्यासारखं काय? दुसरा बचाव, ‘रडारवर ते बघताहेतच की!’ बघतात, म्हणून तर लढाऊ विमानं येतात. नियंत्रक सूचना देईल. निघण्यापूर्वी नकाशा आणि सूचनापत्रकं वाचायची जबाबदारी मात्र कायद्यानं वैमानिकाचीच. तेवढाही कंटाळा असेल, तर राजेहो, निदान १२१.५ मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची रेडिओ वारंवारता तरी ऐकत चला.