फक्त मुखपृष्ठ बदलणाऱ्या लिनक्स-गाइडकारांस खुले पत्र

मायना लिहावा इतका राग अजून निवळलेला नाही, म्हणून थेट विचारते. तुमच्या लिनक्सच्या मराठी गाइडावर लाल अक्षरांत ‘नवी सुधारित आवृत्ती’ छापलं आहे. सुधारलं काय? मुखपृष्ठावरचा पेंग्विन तेवढा गुटगुटीत झालाय. आत अजून तेच: मशीन कोणत्या अवस्थेत (रनलेव्हल) सुरू व्हावं हे ठरवणारी इनिटटॅबची फाइल उघडा, रनलेव्हल बदला. उबुंटू आणि डेबियन या दोन्ही लिनक्सनी २०१५ मध्येच ही फाइल न वापरणारी सिस्टमडी ही सुरुवातीची व्यवस्था स्वीकारली. मुलं ती फाइल शोधत बसतात आणि ती तिथे नसतेच. मशीन सुरू होताना लिनक्स चढवणाऱ्या लिलो या जुन्या प्रोग्रॅमवर तर तुम्ही अख्खं प्रकरण खर्च केलंय. त्याचं काम २०१५च्या अखेरीस थांबलं. नेटवर्कचा पत्ता बघायला सांगता आयएफकॉन्फिग. उबुंटू १८.०४पासून ही कमांड आपोआप बसवलेली येत नाही. आता तिथे ‘आयपी’ वापरतात. एकदा तरी स्वतःच्या मशीनवर ही पानं चालवून पाहिली होती का?

यात तुमचं काही बिघडत नाही, गाइड खपतंच. बिघडतं ते डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलीचं. घरात पहिल्यांदाच लॅपटॉप आलेला, विचारायला कोणी नाही. ती तुमची ओळ जशीच्या तशी टाइप करते आणि पडद्यावर उमटतं, ‘कमांड नॉट फाउंड’. छापलेलं चुकीचं असेल हे तिच्या मनातही येत नाही. ती धरून चालते की आपल्यालाच हे जमणारं नाही. पैसे गेले ते गेले, तिचा धीर गेला त्याची भरपाई कशी करणार आहात?

पुस्तक जुनं असणं हा गुन्हा नव्हे. कर्निगन आणि पाइक यांचं ‘द युनिक्स प्रोग्रॅमिंग एन्व्हायर्नमेंट’ १९८४चं. त्यातले ग्रेप, सॉर्ट, पाइप आजच्या लिनक्सवरही चालतात, कारण एका लहान प्रोग्रॅममधून निघालेलं दुसऱ्याच्या हाती कसं सोपवायचं हा विचार ते शिकवतात. टॅननबॉम यांनी १९८७मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या आपल्या पुस्तकाच्या जोडीला मिनिक्स ही छोटी, वाचून समजेल अशी सिस्टिमच दिली. हेलसिंकीतल्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानं ते वाचलं आणि १९९१मध्ये मिनिक्सवरच काम करत लिनक्सला हात घातला. पुस्तकाची ताकद ही असते. तुम्ही मात्र खिडक्यांची चित्रं छापून पानं भरता, आणि पुढच्या आवृत्तीत त्या खिडक्याच बदललेल्या असतात.

सगळ्यात जास्त राग येतो तो ‘मॅन’ या कमांडचं तुम्ही जे केलंत त्याचा. युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका १९७१ची, आणि प्रत्येक कमांडला तिचं स्वतःचं पान देण्याची रीत तेव्हापासूनची. ‘मॅन’ लिहून पुढे कमांडचं नाव दिलं की ते पान पडद्यावर येतं, तेही तुमच्या मशीनवर जी आवृत्ती आहे तिचंच. मुलीला हे पहिल्या दिवशी सांगायला हवं. तुम्ही ते परिशिष्टात दीड ओळीत उरकलंत. ते आधी सांगितलं असतं तर पुढची गाइडं कोणी घेतली नसती, हीच भीती होती ना?

मराठीत लिहिणारे मोजके आहेत. शॉट्स यांचं ‘द लिनक्स कमांड लाइन’ नेटवर फुकट मिळतं, पण ते इंग्रजीत. इंग्रजीला बिचकणारी मुलं तुमच्याकडेच येणार. म्हणून मागणी एवढीच: पुढच्या वेळी प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर ते कोणत्या लिनक्सच्या कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या साली चालवून पाहिलं हे छापा. जे चालवून पाहिलेलं नाही, ते पान काढून टाका. गाइड बारीक झालं तरी चालेल.