एकलंच निघालाय व्हय?

जगात काही माणसांना एकटं राहायची इतकी हौस असते की त्यासाठी ती समुद्र ओलांडतात. ह्यूगो व्हिलेन नावाचा एक अमेरिकन वैमानिक 1968 साली सहा फुटी होडक्यात बसला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघून थेट फ्लोरिडाजवळ पोचला. सहा फूट! आमच्या स्वयंपाकघरातला ओटा त्याहून लांब आहे. आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघाले, वाटेत फक्त चार बंदरांत थांबले आणि मे 2010 मध्ये पृथ्वीला वळसा घालून परत मुंबईला आले. शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 56 फुटी ‘म्हादेई’ गोव्यात, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधली. वादळं, केप हॉर्न, डोंगराएवढ्या लाटा हे सगळं मी आदरानं वाचलं. पण हेवा वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. या माणसाला महिनोन्‌महिने कुणी “कुठं निघालात?” असं विचारलं नव्हतं.

शीड आपल्याला झेपणारं नाही. पण या दर्यावर्द्यांमध्ये एक गरीब पोटजात आहे, छोट्या उघड्या मोटरबोटीतून एकट्यानं लांब जाणाऱ्यांची. वर छप्पर नाही, आत खोली नाही. एक माणूस, मागं एक मशीन, पायाशी पेट्रोलचा कॅन. दिवसभर चालवायचं, संध्याकाळी काठाला लागायचं. हे आपल्याला जमण्यासारखं आहे, असं बारामतीत बसून मला वाटलं.

आता बारामतीकराला दर्यावर्दी व्हायचं तर पाणी कुठलं, हा पहिला प्रश्न. गावातून कऱ्हा वाहते, म्हणजे तशी पद्धत आहे. तिचं पाणी वर जेजुरीजवळ नाझरे धरणात अडतं. अठराव्या शतकात मोरोपंतांनी याच कऱ्हेच्या काठी बसून आर्यांचे ढीग रचले. नदीत होडी चालण्याइतकं पाणी नसलं की माणूस लिहायलाच बसणार. नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर मार्ग मात्र झकास आहे. कऱ्हा सोनगावला नीरेला मिळते, नीरा नरसिंहपूरला भीमेला, भीमा पंढरपुराला वळसा घेऊन पुढं कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे बारामतीच्या कसब्यातून निघालेला माणूस कागदोपत्री ब्रह्मदेशाला जाऊ शकतो. प्रत्यक्षात नीरेवर कोल्हापुरी बंधारे आहेत आणि प्रत्येक बंधाऱ्याला ढापे आहेत. बंधारा आला की बोट डोक्यावर घेऊन पलीकडे उतरायचं. तसं करायचं तर बोट न्यायचीच कशाला?

दुसरा मार्ग नीरा डाव्या कालव्याचा. इंग्रजांच्या काळातला हा पाट बारामतीवरून इंदापूर तालुक्यात जातो आणि आमच्या पिढीतली निम्मी माणसं त्यातच पोहायला शिकली. पण पाटाला पाणी असतं ते आवर्तन सुटल्यावर. दोंद्यांना वाऱ्याची वाट पाहावी लागली असेल, मला पाटबंधारे खात्याची पाहावी लागली असती. शिवाय टेलच्या शेतकऱ्यांना पाणी पोचत नाही म्हणून दरवर्षी बोंब असते. तिथं पाण्याच्या आधी मी पोचलो असतो तर लोकांनी मला पाटातून चालत परत पाठवलं असतं.

राहिली उजनी. भीमेवरचं हे धरण 1980 साली पुरं झालं. भिंत तिकडे सोलापूर जिल्ह्यात, फुगवटा इकडे पार दौंडच्या दिशेनं. जलाशयाचं नाव यशवंतसागर, आणि 117 टीएमसी पोटाच्या तळ्याला सागर म्हटलं तर कुणाची हरकत नसावी. यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात मोडतं. त्यामुळे उन्हाळ्यात पातळी त्याखाली गेली की पेपरात ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी येते आणि बाहेरगावचा माणूस बुचकळ्यात पडतो, की शून्याच्या खालीही पाणी कसं उरतं. इकडे शेतकऱ्याच्या खात्यावरही असंच असतं, म्हणून आम्हाला नवल वाटत नाही.

मार्च महिना धरला. कुंभारगावच्या काठाला गेलो तेव्हा उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा माना घालून चरत होता आणि काठावर पुण्याचे फोटोवाले, हातभर लांबीची भिंगं लावून, श्वास रोखून बसले होते. मासेमारीतून उरलेल्या वेळात या पाहुण्यांना फिरवून आणणारा एक बोटवाला गाठला. फायबरची बोट, मागं दोरी ओढून चालू करायचं मशीन. म्हटलं, भाड्यानं हवी, शहा गावापर्यंत, आणि मी एकटाच जाणार.

त्यानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं.

“एकलंच?”

“हो.”

“घरात काय झालंय का?”

काही झालं नाही म्हटल्यावर त्याची काळजी वाढली. मग त्यानं तोडगा काढला. त्याचा भाचा बोटीच्या टोकाला बसेल. “त्यो एक शब्द बोलणार न्हाय. तुमी एकलंच हाय असं समजा.” एकट्याच्या प्रवासाला भाचा चालत नाही, हे पटवायला दोन चहा लागले. शेवटी मला तासभर काठाकाठानं चालवायला लावून त्यानं परीक्षा घेतली. दांडा डावीकडं ढकलला की बोट उजवीकडं जाते, एवढंच त्यातलं शास्त्र. हात एकीकडं दाखवायचा आणि वळायचं दुसरीकडं, हे बारामतीकराला मुद्दाम शिकवावं लागत नाही. मालकानं लाइफ जॅकेट स्वतःच्या हातानं माझ्या अंगावर आवळलं, एक जादा दिलं आणि वर ऊसतोडीचा कोयता बोटीत टाकला. समुद्रावर कोयता कशाला, हे विचारायची सोय नव्हती. भाचा काठावर मोटारसायकलला टेकून उभा होता. एक शब्द बोलला नाही.

कोयत्याचा उलगडा डाळजच्या पुढं झाला. मशीनचा आवाज एकदम घुसमटला आणि बंद पडला. बोटीभोवती हिरवंगार गवताळ रान, ते म्हणजे जलपर्णी. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं, त्यावर ही पोसते. मशीन वर उचलून पाहिलं तर पंख्याला काळ्या केसाळ मुळ्यांचा अंबाडा बसलेला. वरची पानं टवटवीत, फुगीर देठ दाबला की फट्‌ करून फुटतो, आणि मुळ्यांतून चिखल, शेवाळ, गोगलगायी आणि गुटख्याची एक रिकामी पुडी. बोटीच्या शेपटीवर पालथा पडून कोयत्यानं तो अंबाडा सोडवताना पुण्याशी माझा इतका निकटचा संबंध पूर्वी कधी आला नव्हता. हे चाललं असताना फोन वाजला. काठावर एक माणूस हात हलवत होता, तोच फोनवर होता. “तुमी बारामतीचं एकलं पाहुणं ना? उजव्या अंगाला घ्या, तिकडं मोकळं हाय.”

तिथून कळलं की मालकानं काठावरच्या प्रत्येक गावात निरोप दिला आहे. दोंद्यांची जागा उपग्रहावरून कळत असे. माझी मावस-चुलत नात्यावरून कळत होती.

पळसदेवला पाण्यात पळसनाथाच्या देवळाचं शिखर वर आलेलं होतं. जुनं गाव धरणात गेलं, लोक वर नव्या गावठाणात आले, हे जुनं हेमाडपंती देऊळ खालीच राहिलं. पाणी उतरलं की देव उघडा पडतो आणि लोक होडीनं दर्शनाला जातात. काठाला बोट लावून डबा उघडावा म्हटलं, तेवढ्यात एक धोतर-टोपीवाले आजोबा, हातात पिशवी, न विचारता बोटीत येऊन बसले.

“पलीकडं सोडा.”

इकडच्या माणसाच्या लेखी बोट म्हणजे एसटी. थांबली की चढायचं. मी एकटा प्रवास करतोय, असं आजोबांना सांगितलं. “मग बरंच की, जागा हाय,” ते म्हणाले. जादा जॅकेट त्यांना घातलं. पुढचा अर्धा तास आजोबांनी मला जे सागरी मार्गदर्शन केलं ते कुठल्या नकाशात नाही.

“जरा वाईच कडंनं घ्या. हितं चिंच हाय.”

पाणी सपाट, निळसर, चारी दिशांना सारखं. चिंच दिसेना. पण कडंनं घेतलं, आणि हातभर खाली काळा बुंधा सरकून गेला.

“आता चावडी. आता डावीकडं वळा, सरळ गेला तर पाटलाच्या विहिरीवर जाल.” विहीर पाण्याखाली, वर आणखी पाणी, तरी तिला वळसा घालायचा. आजोबा खाली पाहतच नव्हते. त्यांची नजर दूरच्या टेकडीवर होती आणि पाय जुन्या पांदीनं चालत होते. पूर्वी पलीकडची गावं नदी उतरून चालत गाठायची. सोयरिकी दोन्ही काठांत झालेल्या. धरण आलं, पाणी पसरलं, सोयरे तिथंच राहिले. पुणे जिल्ह्यातली लेक सोलापूर जिल्ह्यात दिली आणि मध्ये सागर आला, तर दिवाळीला भावानं बोटीनंच जायचं. गाडीनं जायचं तर वळसा इतका मोठा की ओवाळणीपेक्षा पेट्रोल जास्त. आजोबा उतरले तेव्हा त्यांनी भाड्याचे पैसे पुढं केले. मी नको म्हटलं. ते म्हणाले, “मग परत येताना बी थांबा.”

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या त्या काठावर केळीच्या बागेतून एक पोरगा आला. बोट पाहिली, कॅन पाहिला, मला पाहिलं.

“कुठलं?”

“बारामती.”

त्याचा चेहरा बदलला. इथं थोडा इतिहास आहे. 2021 मध्ये उजनीतलं 5 टीएमसी पाणी इंदापूरला द्यायचा आदेश निघाला आणि सोलापूरकरांनी असं रान उठवलं की तो महिन्याभरात मागं घ्यावा लागला. तेव्हापासून आमच्या बाजूचा माणूस उजनीच्या काठाशी वाकलेला दिसला की तिकडचा माणूस उभा राहतो.

“पाणी न्यायला आलाय काय?”

मी माझी प्यायच्या पाण्याची लिटरची बाटली दाखवली, घरून आणलेली, वर अर्धी रिकामी. त्यानं ती नीट पाहिली. “सुरुवात अशीच असती,” म्हणाला. मग बागेतली केळी दिली, मोजून सहा. बदल्यात काही घेतलं नाही, पण मी पाणी प्यायलो तेव्हा बाटलीवर लक्ष ठेवून होता.

पात्राच्या मधोमध मात्र मोठं सुख आहे. मशीन एका सुरात चालतं, पट्टकदंबांची रांग डोक्यावरून जाते, आणि दोन्ही काठ इतके लांब जातात की कुणी हात हलवलेला दिसत नाही. मी पाय पसरले. म्हटलं, आता खरा दर्यावर्दी. तेवढ्यात पुढं पाण्यावर काळी जाड केबल तरंगताना दिसली. पाणी उतरेल तशा शेतकरी आपल्या मोटारी आत आत सरकवत नेतात, पाइप जोडतात, केबल लांबवतात. एका वाकणावर चार-पाच जण कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मोटर उचलत होते, आणि एक माणूस कमी पडत होता. एकट्यानं प्रवास करणारा माणूस म्हणजे रिकामा माणूस, हे त्यांना लगेच कळलं. तास तिथं गेला. मोटर बसली, पाणी उसाला लागलं, मला गूळ-शेंगदाणे मिळाले.

मुक्काम कळाशीला. माझा बेत बोटीतच चादर ओढून झोपायचा. ज्यांच्या शेताला बोट लागली त्या वहिनींनी तो ऐकून कपाळाला हात लावला. “माणूस होडीत निजला तर लोक आम्हाला काय म्हणत्याल?” चुलीवर चिलापीचं कालवण, बाजरीची भाकरी. ही मासोळी मुळात आफ्रिकेची. उजनीत कधीतरी आली आणि आता जाळ्यात हीच जास्त. खाऊन झाल्यावर वारं थोडं उठलं होतं, तरी चांदण्यात एक फेरी मारावी म्हणून मी उठलो. घरातला कर्ता माणूस काही बोलला नाही, फक्त माझ्या आधी जाऊन बोटीची दोरी दोनदा जास्त आवळून आला. समोरच्या काठाला कुगाव. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडं येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. शिरसोडी ते कुगाव पूल मंजूर झाला आहे, पण पूल होईपर्यंत पाणी आहे तिथंच आहे. मी परत येऊन बसलो. एकट्यानं धाडस करायला जागा समुद्रात असेल. इथल्या पाण्यावर ज्यांना रोज पोरं शाळेत घालायची आणि दूध डेअरीला पोचवायचं असतं, त्यांना असला शौक दाखवायला लाज वाटते.

सकाळी पाणी तव्यासारखं शांत. गंगावळण, शिरसोडी, पडस्थळ. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी उभं. “जेवला का?” “चहा घ्या.” “बारामतीत कुठं? भिगवण चौकात आमचे पाहुणे हायत.” तिसऱ्या गावात एकानं थेट माझ्या घरी फोन लावून दिला, आणि बायकोनं विचारलं की रात्री चिलापी तिखट होती का. कालवणाची बातमी माझ्याआधी बारामतीला पोचली होती.

शहा गावच्या काठाला बोट लावली तेव्हा मोटारसायकलवर टेकून भाचा उभा. धुळीनं पांढरा झालेला. मी निघाल्यापासून काठाकाठानं, बांधांवरून, पाणंदीतून तो माझ्या बरोबरीनं आला होता. रात्री तोही कळाशीलाच, दोन घरं सोडून जेवला होता. कबूल केल्याप्रमाणं वाटेत एक शब्द बोलला नव्हता. आता मात्र त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. बोटीचं भाडं. बोटीचं पेट्रोल. खाली आणखी एक आकडा.

“हे काय?”

“गाडीचं पेट्रोल.”

“गाडीचं मी का द्यायचं?”

“तुमी एकलं जाणार म्हणला म्हणून मला रस्त्यानं यावं लागलं. मला बोटीत घेतलं असतं तर एकाच पेट्रोलात दोघं आलो असतो.”

हिशेब बिनचूक होता. पैसे दिले. त्यानं ते मोजले, बोटीत उडी मारली, दोरी ओढली आणि मशीनच्या आवाजावर ओरडून विचारलं, “गाडी कुंभारगावपर्यंत तुमी घेऊन येताय ना? का माणूस बघू?”